एक गुंठा गुलछडी

आम्ही डिंभ्याच्या गटातल्या बाया बोलतोय. घोडनदीच्या काठच्या, धरणाच्या खालच्या अंगाच्या. वरच्या अंगाच्या आहुपे, आसाण्याकडच्या बहिणीही ऐकत असतील. आजचा विषय फुलाचा आहे. पण फूल डोक्यात माळायचं नाही, त्याचा हिशोब मांडायचा आहे.

गेल्या काही महिन्यांत बऱ्याच गटांनी एकच गोष्ट विचारली. मोबाइलवर पांढऱ्या डॅफोडिलच्या फुलांचे फोटो फिरतात. कांद्यासारखा कंद लावायचा, पांढरंशुभ्र फूल काढायचं आणि विकायचं. हे आपल्याकडं जमेल का?

सरळ उत्तर असं की, डॅफोडिल आपल्याकडं जमणार नाही. ते नर्गिसच्या कुळातलं फूल. त्याच्या कंदाला फुलाचा दांडा वर काढायला लांबलचक थंडी लागते. तीन-साडेतीन महिने जमीन फ्रिजच्या आतल्यासारखी गार राहावी लागते. काश्मीरला तशी थंडी पडते, म्हणून तिथं नर्गिस फुलते. आपल्याकडं पौषात पहाटे शेकोटी लागते खरी, पण दुपारी ऊन चटकतं. तेवढ्यानं त्या कंदाचं भागत नाही. बाहेरून महागाचे कंद आणले, तर फार तर एकदा फूल दिसेल आणि पुढच्या वर्षी नुसती पात येईल. गटाच्या बचतीचे पैसे त्यात घालू नका.

पण कंदापासून येणारं, पांढरं, वासाचं आणि बाजारात रोज विकलं जाणारं फूल आपल्या जिल्ह्यात आहेच. ते म्हणजे गुलछडी. कोणी निशिगंध म्हणतं, कोणी रजनीगंधा. हीसुद्धा मूळची इथली नाही. ती मेक्सिकोची. पण तिला थंडी नको, ऊब हवी, म्हणून ती आपल्या मातीत रुळली. पुण्याच्या मार्केट यार्डात गुलछडी दोन प्रकारे विकली जाते. सुटी फुलं किलोवर जातात, ती हार, वेणी, गजऱ्याला. आणि दांड्यासकट फूल जातं, त्याला बाजारात काडी म्हणतात. ती फुलदाणी, गुच्छ आणि लग्नाच्या सजावटीला लागते.

जातही त्याप्रमाणे निवडायची. एकेरी पाकळीची गुलछडी जास्त वासाची, ती सुट्या फुलांना चांगली. दुहेरी पाकळीची भरगच्च दिसते, ती काडीला चालते. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं काढलेल्या शृंगार आणि प्रज्वल या एकेरी जाती आहेत, सुवासिनी आणि वैभव या दुहेरी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची फुले रजनी ही एकेरी जात आहे. नव्या गटानं एकेरीपासून सुरुवात करावी असं आमचं मत. काडी वाकली, मोडली, तर विकत नाही. सुट्या फुलाला ती भीती नाही, आणि पुण्याला पाठवायचं जमलं नाही, तर त्याचे हार गावातच करता येतात.

आता लागवडीचं. चैत्र-वैशाखात, म्हणजे एप्रिल-मे महिन्यात कंद लावायचे. अक्षय तृतीयेला आळी करून वेल लावायची आपली जुनी रीत आहे. तोच मुहूर्त गुलछडीला चालतो आणि त्यामागं हिशोब आहे. कंद लावल्यापासून तीन-साडेतीन महिन्यांनी फूल सुरू होतं. अक्षय तृतीयेला लावलेली गुलछडी श्रावणात फुलावर येते आणि गणपतीला तोड चालू असते.

जमीन निचऱ्याची हवी. गुलछडीला पाणी आवडतं, पण पाय पाण्यात बुडलेले आवडत नाहीत. खालच्या अंगाला मध्यम काळी जमीन असेल तर सरी-वरंबा पाडा आणि वरंब्याच्या बगलेला कंद लावा. वरच्या अंगाच्या बहिणींना आमचं सांगणं वेगळं आहे. तुमच्याकडचा पाऊस फार मोठा. भाताच्या खाचरात गुलछडी लावू नका, ती कुजेल. पडकईनं तयार केलेली जमीन भातासाठीच राहू द्या. घरामागं उताराची, पाणी न थांबणारी जागा असेल, तिथं गुडघ्याच्या निम्म्याइतका उंच गादीवाफा करा आणि आधी शे-दोनशे कंदच लावून बघा. एक पावसाळा कंद टिकले, तर पुढं वाढवा.

कंद कसा निवडायचा? भोवऱ्यासारखा, घट्ट, अडीच-तीन सेंटिमीटर जाडीचा, म्हणजे मोठ्या लिंबापेक्षा लहान आणि सुपारीपेक्षा मोठा. मऊ लागला, बुरशी दिसली, बुडाला काळा पडलेला असला, तर बाजूला काढा. नुकताच जमिनीतून काढलेला ओला कंद घेऊ नका. कंदाला काढणीनंतर सावलीत चार-सहा आठवडे विश्रांती मिळाली असली, तर तो एकसारखा फुटतो. विकत घेताना बिनधास्त विचारा, कंद कधी काढले, कुठं ठेवले होते, आणि ज्या रानातून काढले तिथं मुळांना गाठी होत्या का.

या गाठींचं नीट ऐका. सूत्रकृमी नावाचा डोळ्यांना न दिसणारा किडा मुळांत शिरतो, मुळांवर गाठी येतात, झाड पिवळं पडून खुरटतं. एकदा तो रानात आला की लवकर जात नाही, आणि तो कंदाबरोबरही येतो. म्हणून स्वस्त मिळाले म्हणून कुणाचेही कंद आणू नका. शृंगार जात या सूत्रकृमीला बऱ्यापैकी दाद देत नाही. आधीच्या हंगामात त्या जागी झेंडू घेतला आणि लागवडीच्या वेळी मातीत निंबोळी पेंड मिसळली, तरी त्रास कमी होतो.

एका गुंठ्यात कंद किती? गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. दोन कंदांत आणि दोन ओळींत एकेक फूट अंतर धरलं, तर हजारभर कंद बसतात. जायला-यायला वाट सोडली की नऊशेच्या आसपास. कंद दोन-अडीच इंच खोल, टोक वर करून लावायचा. त्याआधी गुंठ्याला चार-पाच क्विंटल चांगलं कुजलेलं शेणखत घाला. रासायनिक खत द्यायचं असेल, तर वर्षाला गुंठ्यामागं साधारण २ किलो नत्र, दीड किलो स्फुरद आणि २ किलो पालाश लागतं. युरियाच्या भाषेत ते नत्र सव्वाचार किलो युरिया होतं. युरिया एकदम ओतायचा नाही. तीन वाटे करायचे, लागवडीला एक, मग महिन्या-दीड महिन्याच्या अंतरानं दोन. माती परीक्षण केलेलं असेल, तर त्या कागदावर जे लिहिलंय तेच खरं.

पाणी उन्हाळ्यात पाच-सहा दिवसांनी, हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी. इथं एक अडचण आहे, ती आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. कालव्याचं आवर्तन पिकाला विचारून सुटत नाही. हुतात्मा बाबू गेनू सागरात पाणी दिसत असलं, तरी आपल्या रानात ते कधी येईल ते पाटकऱ्यालाच माहीत. म्हणून विहीर, बोअर किंवा शेततळ्याचा आधार असलेला गुंठाच या पिकाला द्या. ठिबक असेल तर फार बरं. पाणी वाचतंच, शिवाय रात्रीच्या विजेसाठी अंधारात बारी धरायला जावं लागत नाही.

रोगाकडं डोळा ठेवा. पावसाळ्यात पानांच्या बुडाशी, मातीलगत कुज दिसली, पांढरे धागे आणि मोहरीसारखे तपकिरी दाणे दिसले, तर ती खोडकूज आहे. ते झाड भोवतालच्या मातीसकट उचला आणि रानाबाहेर नेऊन जाळा. बांधावर टाकाल तर पुढच्या पावसात ते वाहून पुन्हा आत येईल. लागवडीच्या वेळी शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून घातलं, तर ही कूज आटोक्यात राहते. फुलकिडे आणि मावा दिसले की पाच टक्के निंबोळी अर्क फवारा. पाच किलो निंबोळ्या वाटून, रात्रभर भिजवून, गाळून शंभर लिटर पाणी करायचं. ते आपल्याला घरी करता येतं.

आता तोडणी. आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं बोलणं हेच.

सुटी फुलं पूर्ण उमलायच्या आत तोडायची असतात. कळी टपोरी, पांढरी झालेली आणि रात्री उमलणार अशी. त्यासाठी पहाट सगळ्यात चांगली. ऊन चढलं की फूल मलूल होतं आणि वजनही घटतं. म्हणून शेतकरी चार-साडेचारला रानात जातात. पण बायांनो, आपला जुन्नर-आंबेगावचा पट्टा बिबट्याचा आहे. भोवती ऊस आहे. गुलछडी गुडघ्या-मांडीएवढी, ती तोडायला वाकावं लागतं. अंधारात उसाच्या कडेला वाकलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसतो. फुलाला बाजार मिळावा म्हणून बाईनं जिवाची बाजी लावायची नाही, असा ठराव गटातच करा.

आम्ही पाळतो ते नियम सांगतो. फटफटल्याशिवाय रानात पाऊल टाकायचं नाही. एकटीनं जायचं नाही, तोडणीला सावड करायची. आज तुझ्या रानात चौघी, उद्या माझ्या रानात चौघी. चौघींनी तोडलं तर एक गुंठा ऊन चढायच्या आत उरकतो, आणि अंधारात सुरू करायची गरजच राहत नाही. बोलत राहायचं, मोबाइलवर गाणी लावायची. एकीनं उभं राहून भोवती बघायचं, मग पाळी बदलायची. लेकराला बांधावर बसवायचं नाही. गुलछडी लावायला जागा निवडतानाच उसाला लागून असलेला तुकडा सोडा आणि घराजवळचा घ्या. बिबट्या किंवा त्याचे ठसे दिसले, तर वनखात्याला १९२६ या नंबरवर फोन करा.

कोणी म्हणेल, उजाडल्यावर तोडलं तर पहिला टेम्पो चुकतो. चुकू द्या. दुसऱ्या टेम्पोनं गेलेल्या मालाला थोडा कमी भाव मिळेल. तो हिशोबात आधीच धरा.

काडी काढायची असेल तर खालची एक-दोन फुलं उमलली की धारदार विळ्यानं जमिनीपासून तीन-चार बोटं वर कापायची. ओरबाडायची नाही. कापली की लगेच बादलीतल्या पाण्यात सावलीला उभी करायची. ओल्या रद्दीत बुडखा गुंडाळून जुड्या बांधायच्या. सुटी फुलं बांबूच्या करंडीत ओलं फडकं अंथरून भरायची. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबली, की आत घाम सुटतो आणि पुण्याला पोचेपर्यंत फूल तांबूस पडतं.

आता भाव. गुलछडीचा भाव म्हणजे आपल्याकडच्या टोमॅटोसारखाच, चढला तर माळ्यावर आणि उतरला तर मातीत. श्रावण, गणपती, नवरात्र-दसरा, दिवाळी, मार्गशीर्षातले गुरुवार आणि लग्नसराई, तेव्हा मागणी असते. पितृपक्षात भाव पडतो. पावसात भिजलेल्या फुलाला कोणी विचारत नाही. आणि २०२० सालच्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, देवळं बंद झाली, लग्नं थांबली, तेव्हा फुलवाल्या शेतकऱ्यांनी उभी पिकं रोटावेटरखाली घातली, हे आपण विसरलो नाही. शिवाय दुकानांतून प्लास्टिकची फुलं टांगलेली दिसतातच. म्हणून गटातल्या कुणीही सगळी जमीन गुलछडीखाली आणू नये. घराची भाकरी ज्या रानातून येते ते रान सोडून, एक-दोन गुंठे.

भाव किती मिळाला तर परवडलं, ते ओळखायचं एक साधं गणित आहे. समजा, दोघींनी दीड तासात तीन किलो फुलं तोडली. म्हणजे तीन तासांची मजुरी झाली, किलोला एक तास. तुमच्याकडं बाईची रोजंदारी आठ तासांना ३२० रुपये धरली, तर तासाचे ४० झाले. वाहतूक, हमाली, तोलाई मिळून किलोला १० रुपये धरा. झाले ५०. खत, पाणी, कंद अजून धरलेच नाहीत. म्हणजे पट्टी ५० रुपये किलोच्या खाली आली, त्या दिवशी आपण घरची मजुरी फुकट दिली. हे आकडे नमुन्याचे आहेत. तुम्ही घड्याळ लावून तुमचे आकडे घाला. पण घालाच. ‘घरच्याच बाया आहेत, त्यांची कसली मजुरी’ असं म्हटलं की कुठलंही पीक फायद्याचं दिसतं.

ज्या दिवशी भाव पडलेला असेल, त्या दिवशी माल पुण्याला न धाडता हार करायचे. घोडेगाव, मंचरच्या दुकानांत, गावच्या देवळापुढं, सप्त्याच्या मंडपात. श्रावणात भीमाशंकरच्या वाटेनं माणसांची रीघ असते. किलोवर विकलेलं फूल आणि हारात ओवलेलं फूल यांच्या किमतीत फरक पडतो, आणि तो फरक आपल्या हातांचा असतो.

आता पट्टीचं. बाजारातून येणारी पट्टी कुणाच्या नावाची? तोडतो आपण, निवडतो आपण, आणि पट्टी येते घरच्या कारभाऱ्याच्या नावानं. यात भांडणाचं कारण नाही, पण आधीच बोलून ठेवा. पट्टी गटाच्या नावानं काढायला सांगा आणि पैसे गटाच्या बँक खात्यात घ्या. वहीत रोज तीन रकाने भरा: किती तोडलं, कुणी तोडलं, किती मिळालं. दर महिन्याच्या बैठकीत वही मोठ्यानं वाचा. आणि एक पाऊल पुढचं. जमिनीवर आपलं नाव नसलं की कर्ज, अनुदान, नुकसानभरपाई, सगळीकडं अडतं. लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्यानं तलाठ्याकडं अर्ज दिला, तर त्याच्या हयातीतच सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. गुलछडी तीन वर्षं रानात राहणारं पीक आहे. ज्या रानावर तीन वर्षं राबायचं, तिथं आपलं नाव असावं, एवढं मागायला लाजायचं कशाला?

तीन वर्षांनंतर काय, तेही ऐका. दर वर्षी कंदाला पिल्लं फुटतात. तिसऱ्या वर्षानंतर जागेवर दाटी होते, दांडा बारीक येतो, फूल लहान पडतं. तेव्हा पाणी तोडायचं, पानं पिवळी पडली की कुदळीनं गड्डा उकरायचा. कंद सुटे करायचे आणि सावलीत पसरायचे. अधूनमधून हलवायचे, नाहीतर खालच्यांना बुरशी लागते. मोठे कंद पुन्हा लागवडीला. बारीक पिल्लं एका वाफ्यात वर्षभर वाढवायची, मग तीही लागवडीजोगी होतात. एक काळजी घ्या. हे कंद दिसायला कांद्यासारखे, पण खायचे नाहीत. घरातल्या कांद्याच्या शिंकाळ्याशेजारी ठेवू नका.

या पिल्लांतच गटाची खरी ठेव आहे. एकीचे हजार कंद तीन वर्षांत कितीतरी पटींनी वाढतात. मग नव्या बाईला पैसे देण्याऐवजी कंद द्यायचे. पाचशे घेतले, तर तीन वर्षांनी सातशे परत, तेही निवडून, निरोगी. हे कर्ज बँकेत जाऊन काढावं लागत नाही, आणि फेडायला मंगळसूत्र मोडावं लागत नाही. फक्त ज्या रानात मुळांना गाठी निघाल्या, तिथले कंद या देवाणघेवाणीत येऊ द्यायचे नाहीत. इथं भीड ठेवली, तर साऱ्या गटाची रानं खराब होतील.

जाता जाता एक विनंती, विशेषतः वरच्या अंगाच्या बहिणींना. पावसाळ्यात आपल्या डोंगरावर, कड्याकपारीला कितीतरी कंदांची फुलं येतात. बाहेरची माणसं येऊन ‘हे कंद उपटून द्या, पैसे देतो’ म्हणतात. देऊ नका. ते कंद वाफ्यात लावून वाढवलेले नसतात, डोंगरानं वर्षानुवर्षं जपलेले असतात. एकदा उपटले की पुढच्या पावसात तिथं नुसता दगड राहतो. विकायला गुलछडी लावू, रानातलं फूल रानात राहू देऊ.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एवढं ठरवा. कुणाच्या घराजवळ निचऱ्याचा, पाण्याचा, उसापासून लांबचा गुंठा आहे? कंद कुठून आणायचे, आणि तिथली मुळं कोण बघून येणार? सावडीला कोण चौघी? वही कोण लिहिणार? ही चार नावं कागदावर आली की मगच पैशाला हात लावा. नावं येत नसतील, तर हे वर्ष थांबा. कंद पुढच्या अक्षय तृतीयेलाही लावता येतात.

आमचं बोलणं संपलं. तुमचे प्रश्न गटाच्या ताईंकडं लिहून द्या, पुढच्या वेळी उत्तरं देऊ.